ईसीजीचा कागद

बाळांनो, आज ओवा भाजताना बोरीच्या शाळेचा ओटा आठवला. तिथे आरोग्य विम्याची कार्डं काढायचं काम चाललं होतं आणि नोंदी लिहायला मी बसले होते. रांगेत सगळ्या बायकाच. पुरुष कडुलिंबाखाली गप्पा मारत होते. आमचं शेत बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, कसणारे शेतकरी मात्र ओवा चघळत बायकोमागे उभे होते. "छातीत गॅस हाय बाई, डावा हात बी दुखायलाय," ते म्हणाले. दवाखान्यात जा म्हटलं तर हसले, "मला काय धाड भरली? हिचं अन् पोरांचं कार्ड काढा." "बैल शिंकला तर डॉक्टर आणतेत, सोताचं दुखणं दिसत न्हाई!" बायको फणकारली. "कर्त्या पुरुषाचा ईसीजी जोडल्याशिवाय घरच्यांचं कार्ड निघत नाही," मी चक्क खोटं बोलले. दोघं तशीच जीपने परभणीला गेली. ईसीजीचा कागद बघताच डॉक्टरांनी त्यांना खाटेवरून उठूच दिलं नाही. चौथ्या दिवशी भेटायला गेले, तर त्यांनी आधी विचारलं, "बाई, हिचं कार्ड निघालं का?" आता ते गावातल्या प्रत्येक पुरुषाला बजावतात, "आधी ईसीजी काढून या, मगच कार्ड मिळतंय." आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण ही एक चूक मी अजून दुरुस्त केलेली नाही.