सैतान आणि एक्स्टर्नल

“ती? ती फक्त लिहून घेते,” मागच्या रांगेतला मुलगा शेजारणीला जर्मनमध्ये कुजबुजला.

माझं पेन थांबलं नाही. तो काही खोटं बोलत नव्हता.

बॉनच्या विद्यापीठातला तो धर्म-अभ्यासाचा सेमिनार, आणि त्याचा शेवटचा तास. बाईंनी मला मेल केला होता: चर्चेत एकदा तरी बोला, नाहीतर क्रेडिट्स देता येणार नाहीत. इथे कुणाचं बोलणं आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत, टेबलावर टकटक करतात. सबंध सेमिस्टर त्या खोलीत मी केलेला आवाज तेवढाच.

विषय होता सैतान. आमच्या कॉन्व्हेंटमधला सैतान शिंगवाला, देवावर उलटलेला. तो पहिल्यापासून तसाच असणार, असं मी धरून चालले होते. पण ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या एका जुन्या कथेत तो चक्क देवाच्या दरबारात हजर. तिथे ‘सैतान’ हे नाव नाही, हुद्दा आहे: शंका काढणारा, आरोप ठेवणारा. एका सज्जन माणसाची परीक्षा घ्यायलाही तो देवाची परवानगी घेतो. ते वाचून मी लायब्ररीत एकटीच हसले होते.

“दरबारातला हा माणूस शत्रू कसा झाला?” बाईंनी विचारलं. एकजण म्हणाला, पारशांच्या जुन्या इराणी धर्माचा प्रभाव, त्यात देवाला दुष्ट शत्रू असतोच. “असेल,” बाई म्हणाल्या, “पण तेवढंच? आधीच्या ग्रंथात देव रागावून राजाला प्रजेची शिरगणती करायला लावतो, आणि ती पाप ठरते. नंतरच्या ग्रंथात तीच गोष्ट, पण चिथावणारा सैतान. हा बदल का?”

मला उत्तर येत होतं, आणि ते आमच्या बी.एस्सी.च्या लॅबमधून आलं होतं. इथल्या पद्धतीप्रमाणे मी एक बोट वर केलं. बाईंच्या भुवयाही वर गेल्या.

“आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून एक्स्टर्नल येतात,” मी म्हणाले. “त्यांना बोलावतं आमचंच कॉलेज, चहा-सामोसेही तेच देतं. शंका काढणं हे त्यांचं कामच. पण मार्क कमी पडले की त्यांच्या शेजारी बसून मार्क देणाऱ्या आपल्या सरांना कुणी बोल लावत नाही. सर आपले असतात ना. सगळं खापर एक्स्टर्नलवर. दरवर्षीची मुलं त्यात थोडी भर घालतात, आणि मग एक्स्टर्नलना शिंगं येतात. मला वाटतं, देवावर प्रेम करणाऱ्यांनीही सैतानाचं तेच केलं.”