लाल दोऱ्याची टोपली

लिही. मी, तुझी आजी, सांगतेय आणि तूच लिहितेयस, तरी 'तू' म्हणत नाही, 'लात्सामी'च म्हणते. वाचणाऱ्याला कळायला नको, कुणाची गोष्ट ती?

तर लात्सामी म्हणजे माझ्या लेकीची, बुआवोनची, थोरली पोर. यंदा सोळावं लागलंय. मागासाठी सूत भरायला बसली की मोठ्या बायकांना मागं टाकते, आणि जिभेला तिखट. पण तिला फेफरं येतं. आमच्याकडं त्याला वेड्या डुकराचं दुखणं म्हणतात. एकदा हे नाव चिकटलं की माणसाचं खरं नाव कुणी घेत नाही.

एका सकाळी शाळेत झेंड्यापुढं रांगेत उभी असताना ती पडली. तोंडाला फेस आला, कमरेला गुंडाळलेलं सिन ओलं झालं. पोरं पांगली. शुद्धीवर आली तशी तिनं आधी दप्तर मांडीवर ओढून घेतलं. थांबलीस का? लिही. त्यात काय एवढं, मी म्हातारपणी रोज धुतेय.

मग जिल्ह्याच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या. तेव्हापासून ती पडली नाही. डॉक्टरीणबाईनं निक्षून सांगितलं, हे उष्ट्यातून लागत नाही. पण बुआवोनच्या मनातली भीती जाईना. आम्ही सगळे एकाच टोपलीतला चिकट भात हातानं तोडून खातो. तिनं लात्सामीसाठी वेगळी छोटी टोपली घेतली, आणि गल्लत नको म्हणून झाकणाला लाल दोरा बांधला.

"अगं, तुझीच पोर ना ती?" मी म्हटलं.

"आई, धाकटी दोघं आहेत घरात. काही झालं म्हंजे?"

ती टोपली शाळेत गेली. दुपारी पोरी चिंचेखाली बसतात, सगळ्यांच्या टोपल्या मधे, कुणीही कुणाच्यात हात घालावा. शेजारच्या सोमचितनं हात पुढं केला, तर लात्सामीनंच टोपली मागं ओढली.

"काय गं, सोनं आहे का आत?"

"माझी वेगळी आहे. घरी पण वेगळीच असते."

खरं तेच बोलली बिचारी. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आईबापांनी शाळेत जाऊन सांगितलं, आमच्या पोरी तिच्यापाशी बसायच्या नाहीत. मास्तरांनी तिला घरी पाठवलं.

बुआवोन केळ्यांची फणी घेऊन थोंगवान मास्तरांकडं गेली. मीही गेले सोबत.

"मास्तर, ती आता पडत नाही. तिचं कुणाला लागतही नाही. शाळेत घ्या तिला."

"मला माहीत आहे, बुआवोन. पण लोक विचारतात, घरचेच तिच्या टोपलीत हात घालत नाहीत, मग आमच्या पोरींनी का घालावा? काय सांगू त्यांना?"

बुआवोननं केळी तिथंच ठेवली आणि उठली. एरवी ती पुढं चालते आणि मी मागं ओरडत असते, जरा हळू म्हणून. त्या दिवशी रस्ताभर ती माझ्या मागं होती.

जेवायच्या वेळी तिनं दोरा कापला, छोट्या टोपलीतला भात मोठीत ओतला. लात्सामीनं हातच पुढं केला नाही.

"खा की गं."

"आता कशाला, आई? सवय झाली मला."

बुआवोन उठून चुलीपाशी जाऊन बसली. लाकडं ओली होती, धूर झाला. डोळे पुसायला निमित्त झालं.

दुसऱ्या दुपारपासून बुआवोन मोठी टोपली घेऊन चिंचेखाली जाऊन बसायला लागली, लात्सामीला घेऊन. दोघी एकाच टोपलीतलं खायच्या.

"आई, घरी चल ना. सगळे बघतायत."

"त्यासाठीच आलेय. खा."

पोरगी मान वर करत नव्हती. आईचीही कुठं होत होती? पुढं कधीतरी मास्तरांनी लात्सामीला वर्गात घेतलं, शेवटच्या खिडकीपाशी एकटीला. सोमचित अजून तिच्या भाताला शिवत नाही. तिच्या चटणीत मात्र आपला घास बुडवते, आणि वर म्हणते, "तुझी आजी मीठ विसरते."

घरी लात्सामी आता मोठ्या टोपलीतलंच खाते, पण आपल्या कडेचंच. बोट पलीकडं जात नाही. म्हणून मी बोलता बोलता टोपली थोडी थोडी फिरवते. तिची कड माझ्यापुढं येते, माझी तिच्यापुढं. तिला अजून कळलं नव्हतं. आता लिहिताना कळलं. कळू दे.