बुडबुडे निघेपर्यंत

मोटारसायकलच्या पुढच्या डाव्या शॉकअपचं तेल गळून ब्रेकपर्यंत पोचू लागलं होतं. गॅरेज बायकोचंच. रविवारी तिने दोन्ही शॉकअप खोलले आणि मी शेजारी स्टूल टाकून बसलो. नवं रबरी सील चढवण्याआधी तिने दुधाच्या पिशवीचा तुकडा तेलात बुडवून पाइपच्या तोंडावर गुंडाळला, लोखंडी काठाने सीलची नाजूक कड कापू नये म्हणून. तान्ह्याच्या डोक्यातून झबलं घालताना माणसं इतकी जपतात.

“उजवा तर गळत नव्हता,” मी म्हणालो.

“चाक दोघांनी धरलंय ना? मग दोन्हीकडे सारखंच हवं.”

तेल ओतून तिने पाइप हळूहळू वरखाली केला आणि थांबली. आतली हवा बुडबुड्यांनी वर येत होती.

“मोज की आता पातळी!”

“हवा निघू दे. आत्ता मोजलं तर माप खोटं येईल.”

मी चिडून बडबडत असतो तेव्हाही ती अशीच थांबते. मला वाटायचं, ऐकतच नाही.

संध्याकाळी तिच्या मागे बसलो. पुलाजवळचा खड्डा आला तसा सवयीने तिचा खांदा घट्ट धरला. दणका बसलाच नाही. हात मी तिथेच राहू दिला.