तीन घंटांची रजा

"थांबा, आदी ह्याच्या पोटात काय हाय ते बघू दे." कुठलीही वस्तू समोर आली, चालू असो वा बंद, की आमच्या टूलरूममधले दादा हेच म्हणायचे आणि हात पुसत स्क्रूड्रायव्हर शोधायला लागायचे. तुमच्याही कंपनीत असा एखादा असेल. आमच्या पिंपरीच्या कारखान्यात मोटारींच्या कॉइल गुंडाळणाऱ्या आम्ही बायका त्यांच्यापासून जेवणाचा डबासुद्धा सांभाळून ठेवायचो.

सत्तर सालानंतर कधीतरी त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक लोखंडी धूड आणलं. गोऱ्या साहेबांच्या कुठल्याशा क्लबातलं जुगाराचं मशीन! आम्ही तोंडाला पदर लावला.

"अगं, ह्याचा बाप आपल्यासारखाच मेकॅनिक," दादा कौतुकानं म्हणाले. "तिकडं अमेरिकेत. दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवायचे. नाणं टाकायचं, दांडा वढायचा, तीन घंटांची चित्रं वळीत आली की खुर्दा खाली!"

मग त्यांनी मशीनची पाठ उघडून दाखवली. दांडा ओढला की आत स्प्रिंग ताणली जाई आणि सुटली की तिन्ही चाकं गरगरत. मग तीन खटके पाठोपाठ पडून एकेक चाक अडवत, शेवटचं सगळ्यांत उशिरा.

"दोन घंटा दिसल्या की मानूस तिसरीसाठी श्वास धरून बसतंय. सगळी मेख तितंच हाय." शिवाय चाकांवर घंटा मोजक्याच, बाकी नुसती फळं.

गौरी-गणपतीत आमच्या विभागातल्या एकीलाच आठवडाभर रजा मिळायची आणि त्यावरून दरवर्षी भांडणं व्हायची. दादांनी मशीन कॅन्टीनमध्ये आणून ठेवलं. पाळीपाळीनं दांडा ओढायचा, तीन घंटा आणेल तिची रजा. "मशीनला ना सासर ना माहेर," ते म्हणाले. खरंच, भांडणं थांबली. उलट दांडा ओढायच्या दिवशी कॅन्टीनमध्ये जत्राच भरायची.

मग एका वर्षी सुलू आमच्या विभागात नव्यानं कामाला लागली. तिची दोन वर्षांची मुलगी कोकणात सासूपाशी होती. काळेवाडीच्या खोलीत सांभाळायला कोणी नव्हतं.

"गेल्या टायमाला माका बघून आजीच्या मागे लपली," ती म्हणाली. "ह्या गणपतीक नाय गेलंय तर वळखायची पण नाय."

तिनं दांडा ओढला. घंटा. घंटा. तिसरं चाक हळू होत होतं. दादा मशीनच्या उघड्या पाठीशी तेलाची बुधली घेऊन उभे होते. त्यांचं कोपर जरासं हललं आणि चाक गचकन घंटेवर थांबलं. मी बाजूला होते, मला स्पष्ट दिसलं. सुलू रडायला लागली आणि आम्ही सगळ्या ओरडलो.

मी गप्प बसले. बोलले असते तर तिची रजा गेली असती.

सुलू परत आली ती मुलीच्या गोष्टी सांगतच. तोवर दादांनी मशीन खोलून भंगारात टाकलं होतं.

"बिघडलंय. दुरुस्त व्हनार न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकले. पुढे कितीतरी दिवस ते आमच्या नजरेला नजर देत नव्हते. त्या दिवसांत मला हा माणूस फार आवडला.

दादा वारले तेव्हा आम्ही सगळ्या राजगुरुनगरजवळच्या त्यांच्या गावी जाऊन आलो. परतताना एसटीत राहवेना, म्हणून मी ते कोपराचं सांगून टाकलं.

"अगं, मी तर समोरच होते," एक म्हणाली.

"मलापण दिसलेलं," दुसरी म्हणाली. तिसरीही तेच म्हणाली. मग डोळे पुसता पुसता सगळ्या हसायलाच लागल्या.

म्हणजे बाकीच्यांना कळू नये म्हणून प्रत्येकीनं तोंड शिवून घेतलं होतं. आणि आपण या बायकांना फसवलं असं मनाला लावून घेऊन दादा खाली मान घालून वावरले. फसलं कुणीच नव्हतं, हे त्यांना सांगायचंच राहून गेलं.