उंद्रीभोवतीचा लाल रंग

"गाव कोन्तं?"

काउंटरवर कुणीही आलं की काकांचा हा पहिला प्रश्न. नाव नंतर, काय हवं ते त्याहून नंतर. एकदा विजेचं बिल वाटायला आलेल्या माणसालाही त्यांनी तेच विचारलं. तो बिचारा गावाचं नाव सांगून, काकांच्या आग्रहाचा चहा पिऊन निघून गेला आणि बिल द्यायचं राहूनच गेलं. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नाव विसरेल, पण गाव विसरणार नाही.

खामगावात ठिबक आणि तुषार सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात आम्ही दोघं कामाला होतो. ते गावोगाव फिरून गिऱ्हाईक आणायचे, मी आत कॉम्प्युटरवर बसायचे. कॉम्प्युटरचं काही विचारलं की काका हात जोडायचे. "मले कॉम्प्युटरमधलं काय समजते, पोरी?" डब्यातला ठेचा मात्र न विचारता माझ्या झाकणात वाढायचे.

शेठना एक शाखा काढायची होती. मोताळ्याकडे काढावी की उंद्रीकडे, हे ठरेना. म्हणून त्यांनी मला विक्रीचा हीट मॅप करायला सांगितलं. जिल्ह्याचा नकाशा घ्यायचा. जिथे विक्री जास्त तिथे लाल, कमी तिथे पिवळा, नाही तिथे फिकट. नवी शाखा तूच सांभाळ, असंही म्हणाले. मी घरी सांगून टाकलं. आईने तर दोन्हीकडे भाड्याची खोली बघायला सुरुवातही केली.

मी पावत्यांवरची गावं भरली. खामगाव लालभडक, मोताळा लाल, बाकीचा जिल्हा फिकट. मी खूश. काका मागे येऊन उभे राहिले, बघितलं आणि हसायला लागले.

"काऊन हसून राह्यले, काका?"

"हा गिऱ्हाइकाचा नकाशा नाही वं, आठवडी बाजाराचा हाय. मानूस बाजाराले येते, पाइप घेते, टेम्पोत टाकून गावाले जाते. पाइप काय खामगावच्या रस्त्यावर पसरते का तो?"

खरं होतं. बाजाराच्या दिवशी गर्दीत गाव विचारायला कुणाला सवड? पावतीवर सरसकट खामगाव पडायचं, आणि मोताळ्याच्या बाजारात आमचा टेम्पो लागायचा त्या दिवशी मोताळा. मग दुपारी दुकान थंड असलं की पावत्यांचे गठ्ठे घेऊन आम्ही बसू लागलो. मी नाव वाचायचे, ते डोळे मिटून गाव सांगायचे. "हा जावई हाय, शेत सासऱ्याचं. उंद्रीजवळचं लिही." "याच्या विहिरीले उन्हाळ्यातबी पानी राह्यते, आनखी पाइप घेईन तो." जिथे अडले, तिथे स्वतःच्या फोनवरून फोन लावले. पुढच्या पावतीपुस्तकात नावाच्या आधी गावाचा रकाना छापून घ्यायचा, ही कल्पनाही त्यांचीच.

हळूहळू रंग सरकले. खामगाव फिकं पडलं, मोताळाही, आणि उंद्रीभोवतीची गावं एकेक करून लाल झाली. काका स्क्रीनवरून बोट फिरवत राहिले.

"मी इतले दिवस इथंच फिरून राह्यलो होतो का वं?" मग म्हणाले, "याचा एक कागद काढून दे मले. म्हातारीले दाखवतो. तिले वाटते मी नुसता हॉटेलात बसून राह्यतो."

शेठना विचारल्याशिवाय असा कागद द्यायचा नाही, हे ठाऊक असून मी दिला.

शेठना नकाशा फार आवडला. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. "मी," मी म्हणाले. काका शेजारी बशीतला चहा फुंकत होते. त्यांचं नाव घ्यायचं मला सुचलं नाही. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

आमच्या शाखेची जागा ठरायच्या आत उंद्रीत दुसऱ्या कंपनीचं दुकान उघडलं. त्यांची माणसं आसपासच्या नेमक्या लाल गावांतच फिरू लागली. फिकट गावात एकही फिरकला नाही. शेठनी मला बोलावलं.

"नकाशा तुझ्याकडेच होता. बाहेर कसा गेला?"

काका तिथेच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता ते बोलतील, कागद हरवला म्हणतील, कुणी मागून नेला म्हणतील, काहीतरी सांगतील, अशी माझी खात्री होती. मी तोंड मिटून उभी राहिले ती त्यांच्यासाठीच.

"काका, तुम्हाला काही माहीत आहे?" शेठनी विचारलं.

"मले कॉम्प्युटरमधलं काय समजते, शेठ?"

तेच वाक्य, तसेच जोडलेले हात.

दुसऱ्या दिवसापासून येऊ नको, असं मला सांगण्यात आलं. उंद्रीतली खोली आता नको, असं आईने घरमालकाला फोन करून कळवलं. महिनाभराने कानावर आलं की काका नोकरी सोडून उंद्रीच्या त्या नव्या दुकानात बसतात. कुणा परक्याने हे केलं असतं तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण त्या माणसाने मला रोज ठेचा वाढला होता. अजूनही डबा उघडला की माझा जीव जळतो.

परवा एका नोकरीसाठी चिखलीला निघाले होते. उंद्रीला बस थांबली आणि मी उतरले. ठरवलं नव्हतं, पण उतरले. दुकानात काका मान खाली घालून पावती लिहीत होते. पावतीवर नावाच्या आधी गावाचा रकाना होता.

"गाव कोन्तं?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"खामगाव."

पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. मग घाईघाईने उठून खुर्ची पुढे सरकवली, तिच्यावरची धूळ खांद्यावरच्या रुमालाने पुसली.

"बसा, मॅडम," ते म्हणाले.

त्यांनी 'पोरी' म्हटलं असतं, तर मी बसले असते.