वासेमाथाच्या सुया

वासेमाथा फारशी कुणाशी भांडायची नाही. ज्या दिवशी भांडायला हवं होतं, त्या दिवशीही भांडली नाही.

तिचा मोमो, म्हणजे मामा, फिजीतल्या कंदावू बेटाच्या खडकांवर बुडी मारून पिवळे स्पंज काढायचा. त्यांतून तिनं सुवाच्या आमच्या प्रयोगशाळेत एक पदार्थ वेगळा केला. तो नवा ठरला असता, तर तिची शिष्यवृत्ती वाढणार होती. स्फटिकाची रचना मोजणारं क्ष-किरणांचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून बाटली ऑस्ट्रेलियाला गेली. बाटलीत दोन तऱ्हेचे स्फटिक होते: तळाशी चकचकीत चकत्या आणि काचेला चिकटलेल्या केसासारख्या सुया. तिनं चिठ्ठीत बजावलं होतं, मोजमाप सुयांचं करा.

तिकडची रीत अशी, की आधी स्फटिकाची ढोबळ मापं घ्यायची आणि आधी माहीत असलेल्या स्फटिकांच्या माहितीसाठ्याशी ताडून बघायची. जुळली, की पुढचं मोजमाप बंद. उत्तर आलं: मापं जुळली, पदार्थ जुना. सोबत साठ्यातल्या त्या नोंदीची खूण म्हणून सहा अक्षरं. ती नोंद उघडायला वर्गणी लागते, आणि आमच्या विद्यापीठानं ती त्याच वर्षी थांबवली होती.

"सर, पण कुठला जुना?" तिनं आमच्या मार्गदर्शकांना विचारलं.

"जुना म्हटलं ना! आता त्याचं बारसं करायचंय का?" सर म्हणाले. "फुकटात मोजून देतात ते. उलट प्रश्न विचारलेस तर पुढच्यांचे नमुने परत येतील."

तिनं उलट पत्र पाठवलं नाही. शिष्यवृत्ती संपली आणि उरलेला पदार्थ फ्रिजमधली जागा हवी म्हणून धुऊन टाकला गेला. मोमो फोनवर म्हणाला, "माझे कान फुटायचे राहिले गं त्या स्पंजापायी. जुना होता, तर समुद्रालाच विचारायचं होतंस!"

पुढे मी शिकायला ऑकलंडला आले. इथे माहितीसाठा कुठल्याही विद्यार्थ्याला खुला आहे. ती सहा अक्षरं टाकली. कोलेस्टेरॉल! प्रत्येक प्राण्यात असतं ते, आणि त्याच्या चकत्याच होतात. तिकडे कुणीतरी सुया सोडून हाताळायला सोपी, देखणी चकती उचलली होती.

मी तिला फोन केला. ती आता पाणीपुरवठ्यात क्लोरीन तपासते.

"म्हणजे सुया कुणी पाहिल्याच नाहीत?"

"नाही. मोमोला सांगून पुन्हा स्पंज काढू या?"

"कुठून? त्या खडकावर आता बोटींचा धक्का झालाय. तुझ्याकडे साठा उघडाच आहे ना? त्या स्पंजाचं नाव घालून बघ, दुसऱ्या कुणाला मिळाल्यात का."

मी पाहिलं. "नाहीत."

"मग अजून नव्याच आहेत म्हणायच्या," ती म्हणाली. "ठेवते. पाण्याचे नमुने आलेत."