भगुन्यात कालवलेलं मलम

हैदराबादला एका कंपनीत मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. कंपनी ऊन अडवणारं मलम करायची. बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आणि कमलनगरकडच्या आमच्या खेड्यातून नोकरीला हैदराबाद गाठलेली पहिली मुलगी. गावात ह्याचा इतका गवगवा झाला की मी तिथं नेमकं काय करते, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. बरंच झालं. मी दिवसभर लोकांच्या पाठी बघायचे. पाठीवर नव्या रसायनाच्या लहान पट्ट्या चिकटवायच्या, दोन दिवसांनी काढायच्या आणि कातडी लाल झालीय का, खाजतेय का, ते लिहायचं.

रसायन पाठींवर पास झालं. आता साहेबांना खरं ऊन हवं होतं. साहेब एसीतून गाडीत आणि गाडीतून एसीत जाणारे. मीटिंगमध्ये त्यांनी 'चांगलं ऊन कुठे मिळेल' असं विचारलं, जसं काही ते परदेशातून मागवावं लागणार होतं. मी हात वर केला. आमच्याकडे बाकी काही पिको न पिको, ऊन बारमाही पिकतं. साहेब खूश झाले, म्हणाले, ही चाचणी नीट पार पाड, तुझी नोकरी कायम. गावी परत जाऊन बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बश्या धरण्यापेक्षा मी जन्मभर पाठी बघायला तयार होते.

आमची माय बायकांच्या टोळीची म्होरकी. ज्वारीची काढणी चालू होती आणि टोळीत तिच्यासकट बारा जणी होत्या. मी बारा ट्यूबा घेऊन गेले. सहांत नवं रसायन, सहांत तसंच दिसणारं साधं मलम. ट्यूबांवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय, तो कागद साहेबांच्या कपाटात. मलाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणं हीच तर ह्या शास्त्राची खुबी, असं मी विहारासमोर सगळ्यांना बसवून ऐटीत सांगितलं. तीन आठवडे रोज सकाळी आपापल्या ट्यूबमधलं मलम लावायचं. मग सह्यांचा कागद वाचून दाखवला. काहींच्या मलमात नवा पदार्थ आहे, आग होऊ शकते, पुरळ उठू शकतं. अंगठे उठले, सह्या झाल्या. मायनं बाराही ट्यूबा आपल्या ओच्यात गोळा केल्या, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खरं तर मलम हातांना लावायचं ठरलं होतं. पण ज्वारीचं पान कापतं म्हणून ह्या बायका लुगड्यावर नवऱ्याचे जुने फुल बाह्यांचे सदरे घालतात. उन्हाला हातापर्यंत पोचायला वाटच नव्हती. "बाह्या वर करा," मी म्हणाले, तर मला येड लागल्यासारखं सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी तोंड आणि मान ठरली. रंग मोजायला माझ्याजवळ एक पट्टी होती, गव्हाळापासून काळ्यापर्यंत. टोळीतल्या थोरल्या अक्कानं ती गालाला लावून घेतली आणि विचारलं, "पट्टी सरली की गं, मी कुटं हाय ह्यात?" मी तिला शेवटच्या चौकोनात बसवलं.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेले. बारा जणींची तोंडं मलमानं पांढरी फट्ट. एकीलाही पुरळ नाही. मी ट्यूबा मागितल्या, वजन करून किती वापरलं ते लिहायचं होतं. सगळ्या रिकाम्या, पाक पिळून चपट्या.

"एवढ्यात संपलं?"

"संपलं कुटलं, भगुन्यात हाय की," थोरली अक्का म्हणाली.

मायनं आतून भगुनं आणलं. वर ताटली झाकलेली, आत पळी. बाराही ट्यूबा पहिल्याच सकाळी त्यात पिळून, कालवून, रोज पळीपळीनं वाटणं चालू होतं. टोळीचा रिवाजच तो. मालकानं कणसं दिली, कुणाच्या लग्नातली उरलेली बुंदी आली, की आधी एका ठिकाणी ओतायची आणि मग बारा वाटे. पण हे मलम होतं. माझ्या डोक्याची शीर तडकली.

"माय, ही काय भाजी हाय व्हय? कामून कालवलात?"

"तूच वाचलीस की," माय म्हणाली. "नव्यानं आग होईल म्हून. कुणाच्या वाट्याला ते आलंय तुला ठाव न्हाई, ठाव हाय ते एकट्या तुझ्या सायबाला. मग एकीचंच तोंड कामून जळावं? जळलं तर बारा जणींचं थोडं थोडं जळंल."

"माझी नोकरी जायलीय ह्यात."

"ते बघ तू. मला येवढंच सांग, तू लावलीस का हे तोंडाला?"

मी म्हणाले, मला कुटं ऊन लागतंय, मी ऑफिसात असते. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी भगुन्यात बोटं घातली आणि तिथंच तोंडाला फासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कमलनगरच्या एसटीडी बूथवरून साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, उरलेलं मलम परत ट्यूबांमध्ये भर, तीन आठवडे पुरे कर, पट्टीवरचे आकडे लिहून आण. पुरळ कुणालाच नाही ना? मग झालं. तुझं कायमचं पत्र टाइप करून ठेवलंय. भगुन्याबद्दल कुणाला कळणार आहे?

कळणार नव्हतं, हे खरं. मी त्यावर एक रात्रही जाऊ दिली नाही, जाऊ दिली असती तर भरले असते आकडे. जीपची वाट बघत स्टँडवर बसल्या बसल्या कागद काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : सर्व नमुने एकत्र झाले, चाचणी रद्द धरावी.

महिन्याभरात मी ट्रंक घेऊन घरी आले. माय रडली. मीही रडले, आणि तिच्यावर चिडलेही. तिचं न्यायाचं वेड मला भोवलं होतं. ती डोळे पुसून म्हणाली, "खोटंच लिहायचं होतंस की. आमाला काय झालं व्हतं?"

त्यांना काही झालं नव्हतं, पण नवं रसायन बाराजणींत पातळ झालं होतं. माझ्या आकड्यांवर ते बाजारात गेलं असतं, तर कुठल्यातरी मुलीनं ते सबंध एकटीच्या तोंडाला लावलं असतं, आणि तिचा वाटा उचलायला तिच्याजवळ दुसऱ्या अकराजणी नसत्या.